रडविणारे नाटक नको, बोलविणारे हवे

मराठी कामगाराला नाटकाचे वेड आहे हे कोणी सांगायला नको. भुसावळ, दौंड, नागपूर ही तर आपली हक्काची ठिकाणे. पण बदली होऊन इटारसीला किंवा हुबळीला गेलेले आपले बांधवही चार मराठी घरे जमली की गणपतीत एक नाटक बसवितात. ड्युट्या बदलून घेऊन तालमी होतात, बुकिंगमधला बाबू नायक होतो, आर.एम.एस.मधला सॉर्टर खलनायक होतो आणि इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये पडदा वर जातो. हे वेड चांगलेच आहे. आमचा सवाल एवढाच की, जे दुखणे आज आपल्या कॉलनीत आणि आपल्या प्लॅटफॉर्मवर रोज दिसते, त्यावर आपण कसले नाटक करतो? ते दुखणे म्हणजे व्यसन आणि बेघरपणा.

व्यसनावरचे नाटक म्हटले की गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आठवते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या रडविले. सिंधूचे हाल पाहून बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले. नाटक थोरच आहे. पण त्यातली एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सुधाकर हा हुशार वकील. मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते. घरी बसण्याची पाळी येते, अपमान सहन होत नाही, आणि नेमक्या त्या वेळी तळीराम पहिला पेला पुढे करतो. म्हणजे आधी रोजगार गेला, मग दारू आली! गडकऱ्यांनी हे लिहून ठेवले आहे. पण त्या नाटकावर पुढे व्याख्याने झोडणाऱ्यांनी 'दारू वाईट' एवढेच उचलले आणि 'सनद का गेली' हा प्रश्न सोडून दिला.

आमचे मत स्पष्ट आहे. बेघरपणा आणि व्यसन यांवरचे नाटक उपदेशाचे असेल तर त्याचा कामगाराला काही उपयोग नाही. ज्याने भोगले तो स्वतः रंगमंचावर उभा राहिला पाहिजे, आणि प्रेक्षकाने रडून घरी न जाता उठून बोलले पाहिजे. जगात असे नाटक झालेले आहे, आजही होत आहे. त्यातले एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे असले तरी मुद्दाम देतो, कारण त्याची सुरुवात रेल्वे स्टेशनापाशीच होते.

स्टेशनाजवळची वस्ती

अमेरिकेतील लॉस एंजेलिस हे सिनेमाचे शहर. त्या शहराच्या मध्यभागी 'स्किड रो' नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रेल्वेची लाइन संपत असे. हंगामी शेतमजूर आणि रेल्वेवर राबणारे मजूर तेथे उतरत. त्यांच्यासाठी स्टेशनाच्या आसपास स्वस्त लॉज, खानावळी आणि गुत्ते उभे राहिले. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या जंक्शनबाहेर जे दिसते तेच तिथेही होते. पुढे काम आटले, कारखाने बंद पडले, स्वस्त खोल्यांच्या इमारती पाडल्या गेल्या, आणि उरलेली माणसे फूटपाथवर आली. १९७६ साली शहराच्या कारभाऱ्यांनी धोरणच ठरविले की, बेघरांची सोय पाहणाऱ्या संस्था याच हद्दीत ठेवायच्या, म्हणजे बाकीच्या शहराला त्यांचा त्रास नको. १९८० नंतर 'क्रॅक' नावाचा कोकेनचा स्वस्त प्रकार या वस्तीत शिरला.

१९८५ साली जॉन मॅलपीड या रंगकर्मीने याच वस्तीत एक नाट्यसंस्था काढली. बेघरांना कायद्याची मदत देणाऱ्या केंद्रात तो काम करीत होता आणि तेथेच त्याने तालमी सुरू केल्या. नट कोण? फूटपाथवर झोपणारे, लॉजच्या एका खोलीत राहणारे, व्यसनातून बाहेर पडलेले आणि पडू पाहणारे. संस्थेचे नाव ठेवले 'लॉस एंजेलिस पॉव्हर्टी डिपार्टमेंट', म्हणजे दारिद्र्य खाते. इंग्रजीत त्याची आद्याक्षरे शहराच्या पोलीस खात्याचीच होतात. शहराला पोलीस खाते आहे, मग दारिद्र्याचे खाते का नसावे, असा तो चिमटा आहे.

या संस्थेचे २००१ सालचे 'एजंट्स अँड ॲसेट्स' हे नाटक आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. झाले असे की, १९९६ साली गॅरी वेब या पत्रकाराने एक लेखमाला लिहिली. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या, अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पाठिंबा असलेल्या टोळ्यांशी संबंधित लोकांनी लॉस एंजेलिसमध्ये कोकेन विकले, असे त्यात मांडले होते. यावर मोठा वाद झाला आणि १९९८ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे गुप्तहेर खात्याच्या महानिरीक्षकाची सुनावणी झाली. मॅलपीडने त्या सुनावणीचा अधिकृत वृत्तान्त घेतला आणि तोच, शब्दाला शब्द, नाटक म्हणून उभा केला. खासदार कोण झाले? स्किड रोमधली माणसे. ज्यांच्या गल्लीत ते विष विकले गेले तेच खासदारांच्या खुर्चीत बसून जाब विचारू लागले!

हे सगळे नाटक म्हणजे ती सुनावणीच आहे. प्रेक्षकाला दया करायला तेथे वावच ठेवलेला नाही. विचारले जाते ते एवढेच: हा माल आला कोठून, आणला कोणी, आणि माहीत असून गप्प कोण बसले? प्रयोग संपला की नट आणि प्रेक्षक यांची चर्चा सुरू होते. त्याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर २००० मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल दिला होता की, स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवावे. तेव्हा ही चर्चा हवेतली नव्हती. पुढे डेट्रॉईट शहरातही तेथील लोकांना घेऊन हे नाटक झाले.

कोणी विचारील, नाटकाने बेघरपणा संपला काय? नाही संपला. २०२४ च्या मोजणीत लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे ७५ हजार माणसे बेघर आढळली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात, उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करायला नगरपालिकांना मोकळीक दिली. नाटक घर बांधीत नाही. पण १९८५ पासून ती वस्ती स्वतःच्या तोंडाने बोलते आहे, आणि तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्यांना ते ऐकावे लागते. कामगार चळवळीत राहिलेल्या माणसाला याची किंमत कळते. आपली युनियन तरी दुसरे काय करते?

जोकर आणि प्रेक्षक

लंडनचे उदाहरण थोडक्यात सांगतो. वॉटर्लू स्टेशनाजवळच्या भुयारी रस्त्यांत एकेकाळी शेकडो बेघर लोक पुठ्ठ्याच्या खोक्यांत राहात. त्याला लोक 'पुठ्ठ्याचे शहर' म्हणत. १९९१ साली एड्रियन जॅक्सन यांनी बेघरांना घेऊन नाट्यसंस्था काढली, तिचे नाव 'कार्डबोर्ड सिटिझन्स', म्हणजे पुठ्ठ्याचे नागरिक. १९९८ साली ते पुठ्ठ्याचे शहर हटविले गेले आणि त्या जागी मोठ्या पडद्याचे सिनेमागृह आले. संस्था मात्र टिकली.

त्यांची पद्धत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची. बोआलना लष्करी राजवटीत अटक झाली, देश सोडावा लागला. त्यांच्या नाटकात प्रसंग एकदा पूर्ण करून दाखवितात, शेवट वाईटच होतो. मग सूत्रधार, ज्याला ते 'जोकर' म्हणतात, प्रेक्षकांना सांगतो की हाच प्रसंग पुन्हा करतो, जेथे चुकते आहे असे वाटेल तेथे 'थांबा' म्हणा, वर या आणि तुम्ही काय केले असते ते करून दाखवा. पुढे बोआल रिओ शहराचे नगरसेवक झाले आणि अशा नाटकांतून आलेल्या सूचनांचे त्यांनी कायदे करून घेतले. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संस्था १९८५ पासून गावोगाव याच पद्धतीने काम करते आहे.

आपल्यालाही हे परके नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा गिरणगावचा कामगारच वगात उभा राहिला. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या कामगार वस्तीत पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. राम बहादूर हा कामगारही त्यात मारला गेला. तिसऱ्या दिवशी, ४ जानेवारीला, हाश्मींच्या पत्नी आणि साथीदारांनी त्याच जागी जाऊन ते नाटक पूर्ण केले. गिरणी संपानंतर घराघरांत जे झाले ते जयंत पवारांनी १९९७ च्या 'अधांतर' नाटकात दाखविले आहे. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि वस्तीतली पोरे आपले जगणे आपणच लिहून सादर करू लागली. तेव्हा रस्ता मळलेला आहे. रेल्वे आणि टपाल कामगारांनी त्यावर पाऊल टाकायचे एवढेच राहिले आहे.

क्वार्टर जाते तेव्हा

आता आपल्या घरात येऊ. 'बेघर' हा शब्द ऐकला की पुलाखाली झोपणारा कोणी परका माणूस डोळ्यांपुढे येतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर नोंदली गेली, त्यातली २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रात. प्लॅटफॉर्मवर राहणारेही त्यातच मोजले. पण या आकड्यात जाऊन पडायला रेल्वे कामगाराला किती वेळ लागतो? आम्ही सांगतो, एक चौकशी आणि एक महिना.

चौकशीत बचावासाठी बसण्याचे काम आम्ही अनेक वर्षे केले आहे. त्यातले एक प्रकरण सांगतो, नाव-गाव सांगत नाही. लाइनवर काम करणारा माणूस. रात्रीची गस्त, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, आणि एकदा रुळावरून स्वतःच्याच गँगमधल्या साथीदाराचे तुकडे गोळा करावे लागले. त्यानंतर तो झोपेसाठी पिऊ लागला. झोपेसाठी प्यालेला माणूस सकाळी उठत नाही. गैरहजेरी वाढली, पगार कापला जाऊ लागला, सावकार दारात आला. मोठ्या शिक्षेची चार्जशीट मिळाली, आरोप अनधिकृत गैरहजेरी. संपूर्ण चौकशीत 'तू का पितोस' हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही, कारण तो आरोपपत्रात नव्हता. नोकरीतून काढले, अपील फेटाळले. नियमाप्रमाणे महिन्याभरात क्वार्टर रिकामे करायचे. बायको दोन मुलांना घेऊन माहेरी गेली. तो मात्र ज्या स्टेशनच्या हद्दीत त्याने रूळ राखले, त्याच स्टेशनच्या पादचारी पुलाखाली राहू लागला. त्याच्या गँगमधले लोक ड्युटीवर जाताना त्याला चहा देत. पुढे तो दिसेनासा झाला.

या माणसाची कहाणी 'दारूने घर उद्ध्वस्त' अशी सांगता येते. पण हिशेब नीट मांडला तर घर उद्ध्वस्त करणारी कागदपत्रे वेगळी निघतात. उपचारासाठी रजा मंजूर झाली असती तर? रेल्वेच्या दवाखान्यातून व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठविले असते तर? पुण्याचे 'मुक्तांगण' डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले. तेथील उपचार ३५ दिवसांचा आहे. पस्तीस दिवसांची रजा आणि आयुष्यभराची नोकरी, यात खात्याला महाग काय पडते? १९९३ च्या रेल्वे पेन्शन नियमांतील नियम ६५ प्रमाणे, जुन्या पेन्शनमधल्या कामगाराला काढून टाकले तरी त्याला अनुकंपा भत्ता देण्याचा अधिकार साहेबांना असतो. किती कुटुंबांना हे ठाऊक असते?

टपाल खात्यातील बांधवांनी दुसरी बाजू पाहावी. पोस्टमनचे सारे काम पत्त्यावर चालते. ज्याचा पत्ताच गेला त्याला पत्र येत नाही, मनीऑर्डर येत नाही, पोस्टात बचत खाते काढायला गेला तर पत्त्याचा पुरावा मागतात. सुटलेली बायको, शाळा सोडलेली पोरे यांच्याशी जोडणारा शेवटचा धागा तेथे तुटतो. पोस्टमास्तरच्या हवाली पत्र ठेवण्याची जुनी सोय आहे, पण ती त्या माणसाला सांगणार कोण?

आणि प्लॅटफॉर्मवरचा जो आपला नाही त्याचे काय? कारवाई करायला कायदे भरपूर आहेत. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उघड उपजीविका नसलेला भटका माणूससुद्धा भिकारीच ठरतो. त्यातील शिक्षेच्या तरतुदी दिल्लीपुरत्या तेथील हायकोर्टाने २०१८ साली रद्द केल्या. याउलट २०१० साली सुप्रीम कोर्टाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा असावा असे सांगितले होते. आपल्या स्टेशनाबाहेर तो निवारा कोठे आहे हे विचारून पाहा. लोकांना हाकलून देण्याचे हुकूम लगेच अमलात येतात, निवाऱ्याचे मात्र कागदावरच राहतात.

नारायण सुर्वे यांना विसरू नका. जन्मतःच टाकलेले ते मूल एका गिरणी कामगाराने उचलून घरी नेले. उद्या प्लॅटफॉर्मवरचे कोणते पोर काय होईल हे आज कोणी सांगावे?

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. 'सेक्रेटरीसाहेब, पेन्शनचा लढा, खाजगीकरण, रिकाम्या जागा हे सोडून तुम्ही नाटकाचे काय घेऊन बसलात?' आमचे उत्तर असे की, हे सोडून नाही, हे धरूनच. जागा भरल्या नाहीत की एका गँगमनवर दोघांचे काम पडते, आणि तेथेच बाटली शिरते. कंत्राटी सफाई कामगाराला क्वार्टर नाही, पेन्शन नाही. तो तर बेघरपणाच्या उंबरठ्यावर उभा राहूनच आपला प्लॅटफॉर्म झाडतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गर्दुल्ले चोऱ्या करतात, डबे घाण करतात, स्टाफच्या अंगावर येतात. टी.सी. आणि सफाईवाल्या भगिनींनी हे रोज सोसले आहे, त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच नाटकात तेही आले पाहिजे. गर्दुल्ला म्हणजे देवमाणूस असे दाखविणारे नाटक बोगस, आणि राक्षस म्हणून दाखविणारेही बोगस. सुई टोचलेली सफाईवाली आणि सुई टाकणारा पोरगा, दोघेही एकाच रंगमंचावर हवेत. दोघांनी एकमेकांना काय सांगायचे ते त्यांनाच सांगू द्यावे.

तिसरी गोष्ट आम्हीच बजावतो. ज्याने भोगले त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध उभे करून त्याची कहाणी वदवून घ्यायची नाही. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या बैठकीत माणूस स्वतःहून बोलतो आणि त्याचे नाव बाहेर जात नाही, हा नियम आपणही पाळावा. कामावर असलेल्या सभासदाने रंगमंचावर जे सांगितले ते उद्या त्याच्या सर्व्हिस शीटमध्ये गेले, तर ते नाटक नसून सापळा होईल.

करायचे काय

यंदाच्या गणपतीत ठरलेले विनोदी नाटक खुशाल करा, पण एक संध्याकाळ या नाटकाला द्या. नेपथ्य लागत नाही. एक बाक, एक शिट्टी, एक चार्जशीट पुरे. वर सांगितलेले प्रकरण अर्ध्या तासात करून दाखवा. त्यात मुकादम, इंजिनिअर, कल्याण निरीक्षक, सावकार, बायको आणि युनियनचा प्रतिनिधी, सगळे आले पाहिजेत. शेवट जसा झाला तसाच दाखवा. मग जोकरने पुढे येऊन विचारावे: कोठे थांबविता आले असते?

कोणीतरी उठून म्हणेल, 'त्याने दारू सोडायला हवी होती.' जोकरने म्हणावे, 'या, सोडून दाखवा.' रात्रीची गस्त तीच, झोप नाही, सावकार दारात. मग त्या माणसाला कळेल की एकट्याने सोडणे म्हणजे काय. नंतर एखादी भगिनी उठेल आणि बायकोच्या जागी उभी राहून थेट कल्याण निरीक्षकाकडे जाईल. एखादा जुना गँगमन मुकादमाच्या जागी उभा राहील आणि पहिल्याच गैरहजेरीला घरी जाऊन चौकशी करील. हे सगळे लिहून घ्यावे. त्या लिहिलेल्या कागदावरून डी.आर.एम. साहेबांपुढे ठेवायचे मागणीपत्र तयार होते.

आमच्या मते त्यात निदान चार मागण्या असाव्यात. व्यसनाच्या कारणाने गैरहजर राहणाऱ्याला चार्जशीटआधी उपचाराची संधी आणि त्यासाठी रजा मिळावी. उपचार चालू असेपर्यंत क्वार्टरला हात लावू नये. स्टाफ बेनिफिट फंडातून आणि टपाल खात्याच्या कल्याण मंडळातून व्यसनमुक्तीसाठी आणि अशा नाटकांसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढावी. आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळ रात्रनिवाऱ्यासाठी महापालिकेने जागा द्यावी म्हणून रेल्वे प्रशासनाने पाठपुरावा करावा.

शाखांनी कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. इन्स्टिट्यूटची चावी आपल्याच कमिटीकडे असते, भाडे भरावे लागत नाही. नट शोधायलाही लांब जायला नको. काढून टाकलेला आपला साथीदार कोणत्या पुलाखाली आहे हे आपल्या गँगला नेमके ठाऊक असते. त्याला चहा देतो ते चांगलेच करतो. आता तो यायला तयार असेल तर त्याला तालमीलाही बोलवा.